चाळीस शाखा, दोन भाषा आणि तीन माणसं: सीएमएस कोणता घ्यावा?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी असा समजलोय: शिक्षणसंस्था मोठी आहे, शाळा-कॉलेजं मिळून चाळीसच्या आसपास शाखा, प्रत्येकाची साइट वेगळ्या वर्षी वेगळ्या माणसाने बनवलेली, काही जुन्या जूमलावर, काही एएसपीमध्ये, दोन-तीन तर नुसत्या एचटीएमएलच्या. आता मॅनेजमेंटला सगळं एकाच सीएमएसवर (साइटवरचा मजकूर टाकायचं-सांभाळायचं सॉफ्टवेअर) हवंय, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, पानं मिळून पंचवीस-तीस हजार, आयटीला माणसं तीन, आणि निकालाच्या दिवशी साइट हमखास झोपते. चार वेंडर येऊन गेले. एकाने वर्डप्रेस सांगितलं, दुसऱ्याने ड्रुपल, तिसऱ्याने स्वतःचं घरचं सीएमएस, चौथ्याने अ‍ॅडोबीचं. आणि तुम्ही विचारताय की एवढ्या मोठ्या साइटला यातलं झेपेल कोणतं.

झेपण्याचं म्हणाल तर झेपतं सगळ्यांना. अमेरिकेच्या व्हाइट हाउसची साइट २००९ साली ड्रुपलवर गेली आणि डिसेंबर २०१७ मध्ये वर्डप्रेसवर आली, नासाची मुख्य साइट ड्रुपलवर होती ती २०२३ मध्ये वर्डप्रेसवर आली, तिकडे ब्रिटनच्या आरोग्यसेवेची साइट वॅगटेल नावाच्या तिसऱ्याच, पायथनवाल्या सीएमएसवर चालते. म्हणजे तीस हजार पानांनी यातलं कुणीही गुडघे टेकणार नाही. पानांची संख्या आणि दिवसाला किती लोक येतात हे दोन आकडे वेंडर पहिल्यांदा विचारतो कारण त्यावर हार्डवेअरचा अंदाज निघतो, पण सीएमएस निवडताना ते दोन आकडे जवळजवळ निरुपयोगी आहेत असं माझं मत आहे.

मी विचारतो ते वेगळं. आत बसून लिहिणारी, अपलोड करणारी माणसं किती आणि ती कोण, त्यातल्या कुणाचं काम कुणी तपासायचं. मजकुराचे प्रकार किती आणि ते एकमेकांना कसे जोडलेत. आणि वेंडर पैसे घेऊन गेल्यावर पुढची सहा-सात वर्षं अपडेट कोण मारणार. तुमची साइट मोठी आहे ती या तीन बाबतीत, पानांच्या बाबतीत नाही.

निकालाच्या दिवसाचं आधी निपटवून टाकतो कारण त्याचा सीएमएसशी संबंध फार थोडा आहे. सकाळी अकराला निकाल, पाच-सात हजार पोरं एकदम येऊन सीट नंबर टाकतात, प्रत्येक क्लिकला पीएचपी (ही सीएमएस ज्या भाषेत लिहिलीत ती) उठतं, डेटाबेस उघडतो, शोधतो, आणि त्याच सर्व्हरवर तुमचं मुखपृष्ठ पण बसलेलं असतं. यात वर्डप्रेस काढून ड्रुपल ठेवलंत तरी तेच होणार, उलट ड्रुपल एका विनंतीला मेमरी थोडी जास्तच खातं. निकाल वेगळ्या छोट्या अ‍ॅप्लिकेशनवर न्या, शक्य असेल तर प्रत्येक सीट नंबरची तयार फाइल आधीच बनवून ठेवा, आणि बाकी साइटच्या पुढे सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) आणि कॅश (तयार पानांचा साठा) लावा. लॉगिन न केलेल्या माणसाला पान कॅशमधून गेलं की मागे कोणतं सीएमएस आहे हे सर्व्हरला कळतही नाही. अट एकच, होस्टिंग साध्या शेअर्ड सीपॅनलवरचं, म्हणजे एकच सर्व्हर अनेकांत वाटलेलं, नको.

आता मुख्य गोष्ट, मजकुराची जोडणी. तुमच्याकडे एक प्राध्यापक आहे. तो एका विभागाचा आहे, विभाग एका कॉलेजचा, तो दोन अभ्यासक्रम शिकवतो, त्याचे पेपर्स आहेत, तो आयक्यूएसीचा (कॉलेजच्या गुणवत्ता समितीचा) सदस्य आहे आणि परीक्षा समितीवर पण आहे. त्याची बदली संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात झाली की ही माहिती किती ठिकाणी बदलावी लागेल? एका ठिकाणी, असं उत्तर हवं असेल तर प्राध्यापक हा डेटा आहे, पान नाही, आणि इथे ड्रुपल खरोखर पुढे आहे. कंटेंट टाइप (मजकुराचा प्रकार), त्याची फील्ड्स (रकाने), एकाचा दुसऱ्याला संदर्भ, आणि व्ह्यूज (याद्या बनवायचं साधन) वापरून "या कॉलेजातले या विभागाचे सगळे प्राध्यापक, ज्येष्ठतेप्रमाणे" अशी यादी, हे सगळं कोअरमध्ये (मूळ सॉफ्टवेअरमध्येच) आहे, कोड न लिहिता.

वर्डप्रेसमध्ये हे होत नाही असं नाही. २०१० च्या ३.० आवृत्तीपासून कस्टम पोस्ट टाइप आहेत, वर फील्ड्सचं प्लगइन (वरून जोडायचा भाग) लावलं की फॉर्म झकास दिसतो. पण आत काय होतं बघा, प्रत्येक जास्तीचं फील्ड पोस्टमेटा नावाच्या एकाच टेबलात एकेक ओळ म्हणून जाऊन पडतं, तारीख असो की नंबर असो सगळं मजकूर म्हणूनच, आणि व्हॅल्यूच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) नसतो. दोन-तीन फील्ड्सवर एकदम फिल्टर लावलं की तेच टेबल स्वतःलाच दोन-तीनदा जोडलं जातं. काही हजार ओळी असताना कळत नाही, काही लाख झाल्या की यादीचं पान रेंगाळायला लागतं. ड्रुपलमध्ये पण जोड्या भरपूर लागतात, ते काही विमान नाही, पण तिथे प्रत्येक फील्डचं वेगळं टेबल असतं आणि नंबर नंबरासारखा राहतो.

त्यात तुमच्या चाळीस शाखा. वर्डप्रेस मल्टिसाइटमध्ये, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट चालवण्याच्या सोयीत, प्रत्येक साइटला स्वतःची दहा टेबलं मिळतात, म्हणजे चाळीसला चारशे, ते ठीक आहे, त्याने काही बिघडत नाही. युजर सगळ्यांचे एकत्र, थीम एक, अपडेट एकदाच. पण एका साइटवरचा मजकूर दुसऱ्या साइटवर दाखवायचा म्हटलं की कसरत सुरू होते, कारण भिंती टेबलांच्याच आहेत. संस्थेची एक जाहिरात सगळ्या कॉलेजांवर दिसायला हवी, असली साधी मागणी असते, आणि त्यासाठी एकतर कॉपी मारणारं प्लगइन नाहीतर कोड. ड्रुपलमध्ये एकाच डेटाबेसात सगळ्या शाखा ठेवून कोणता मजकूर कुठे दिसेल हे ठरवता येतं, डोमेन किंवा ग्रुप मॉड्यूल (ड्रुपलमधली प्लगइनच) त्यासाठीच आहेत. मात्र याची दुसरी बाजू अशी की तिथे एक चूक चाळीस ठिकाणी एकदम दिसते.

मग माणसं. तुमच्या प्रश्नात एक ओळ होती की फीच्या पानावर क्लार्क थेट बदल करतो आणि प्राचार्यांना पेपरात आल्यावर कळतं. ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. वर्डप्रेसमध्ये नवीन पोस्ट मंजुरीसाठी थांबवता येते, पण एकदा प्रसिद्ध झालेल्या पानात बदल करायचा, तो बदल कच्चा ठेवायचा, जुनं पान लोकांना दिसत राहील आणि साहेबांनी हो म्हटल्यावर नवं येईल, हे कोअरमध्ये नाही. प्लगइन आहेत, चालतात, पण तुमच्या मंजुरीची साखळी मग त्या प्लगइन लिहिणाऱ्याच्या भरवशावर. ड्रुपलच्या कोअरमध्ये कंटेंट मॉडरेशन आहे, कच्चा, तपासणीत, मंजूर अशा पायऱ्या तुम्ही नाव देऊन बनवता आणि कोणती भूमिका कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर नेऊ शकते ते ठरवता.

पण, आणि हा पण मोठा आहे, त्या क्लार्कला विचारलंत तर तो वर्डप्रेस मागेल. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० बरोबर ब्लॉक एडिटर आला तेव्हा लोकांनी खूप शिव्या घातल्या, आता मात्र चित्र टाक, टेबल टाक, लगेच दिसतं, आवडतं. ड्रुपलचा फॉर्म म्हणजे रकानेच रकाने, सरकारी अर्ज भरतोय असं वाटतं. ते रकाने नीट मांडणं, मराठीत लेबलं आणि खाली एका ओळीची सूचना देणं, हे काम वेंडर कधीच अंदाजपत्रकात धरत नाही आणि त्याच कामावर साइट चालते की पडून राहते ते ठरतं.

मराठीबद्दल स्वतंत्र बोलायला हवं कारण वेंडरच्या डेमोत ते कधीच नसतं. ड्रुपलमध्ये आठव्या आवृत्तीपासून बहुभाषिकपणा कोअरमध्ये आहे, वर्डप्रेसमध्ये पॉलीलँग किंवा डब्ल्यूपीएमएल हे प्लगइन लागतं. दोन भाषांना दोन्ही पुरतं. त्रास वेगळ्या ठिकाणी होतो. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याला दोनशे अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एक अक्षर, काना-मात्रा-हलन्त सुद्धा प्रत्येकी वेगळं धरून, त्या पत्त्यात नऊ अक्षरं खातं. म्हणजे बावीसच्या आसपास खेळ खलास. "प्रथम वर्ष कला शाखेचे प्रवेश वेळापत्रक" असं शीर्षक दिलं तर पत्ता "प्रथम-वर्ष-कला-शाखेचे-प्र" इथे तुटतो, आणि मग "प्रथम वर्ष कला शाखेचे प्रवेश शुल्क" नावाचं पान आलं की त्याचाही तोच पत्ता, शेवटी नुसता दोन लागलेला. म्हणून मी कोणत्याही सीएमएसमध्ये पत्ता छोटा आणि रोमन लिपीत ठेवायला लावतो, शीर्षक मराठीत काय हवं ते असू दे.

दुसरं म्हणजे शोध. वर्डप्रेसचा शोध सरळ अक्षरं जुळवतो, त्यामुळे "प्रवेश" टाकलं तर "प्रवेशासाठी" सापडतं, पण "परीक्षा" टाकलं तर "परीक्षेचे" सापडत नाही. ड्रुपलचा कोअर शोध आख्खा शब्द जुळवतो, म्हणजे तिथे "प्रवेशासाठी" पण हुकतं. सामान्यरूप होणाऱ्या भाषेला दोन्ही अपुरे. सोलर किंवा इलॅस्टिकसर्च असं वेगळं शोधाचं सॉफ्टवेअर लावावं लागतं, आणि त्यातला हिंदीचा अ‍ॅनालायझर (शब्दांची मूळ रूपं काढणारा भाग) मराठीला जसाच्या तसा लावून काम होत नाही, शब्दाचे सुरुवातीचे तुकडे इंडेक्स करणं आणि नेहमीच्या शे-दीडशे शब्दांची समानार्थी यादी हाताने करणं यावर मी भागवतो. तुमच्या साइटवर लोक काय शोधतात ती यादी छोटीच असते हो, फी, प्रवेश, वेळापत्रक, निकाल, शिष्यवृत्ती, वसतिगृह.

जुन्या साइटवरचा मजकूर युनिकोडमध्ये आहे का हे पण आजच तपासा. एएसपीवाल्या साइट त्या काळातल्या असतील तर सुरेख किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात असण्याची शक्यता दाट आहे, दिसायला मराठी, डेटाबेसात इंग्रजी अक्षरांचा कचरा. कन्व्हर्टर मिळतात पण रफार, ऱ्य, जोडाक्षरं हाताने तपासावीच लागतात. हे काम कुठल्याही सीएमएसपेक्षा जास्त वेळ खातं.

आता अपडेट आणि सुरक्षा, म्हणजे सहा-सात वर्षांचा प्रश्न. ड्रुपलवाले लोक हा इतिहास पटकन सांगत नाहीत म्हणून सांगतो. ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं, ८ आलं नोव्हेंबर २०१५ मध्ये आणि ते आतून जवळजवळ नवीनच लिहिलेलं होतं, सिम्फनी या पीएचपीच्या तयार चौकटीवर. सातवरून आठवर जाणं म्हणजे अपग्रेड नव्हतं, नवी साइट बांधून मजकूर हलवणं होतं. त्यामुळे हजारो संस्था सातवरच बसून राहिल्या, मुदत वाढत वाढत शेवटी ५ जानेवारी २०२५ ला सातचा पाठिंबा थांबला. आठनंतर मात्र नऊ, दहा, अकरा हे टप्पे बरेच सुसह्य झालेत. पण दर दोनेक वर्षांनी मोठी आवृत्ती येते आणि ती मारायला कंपोजर (पीएचपीचे भाग आणून जुळवणारं साधन) कळणारा माणूस लागतो, बटण दाबून होत नाही. वर्डप्रेसचं याउलट, जुनं काही मोडायचं नाही हा त्यांचा हट्ट आहे, वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी अजून आत आहेत, त्याने कोड ओबडधोबड राहिलाय पण अपडेट मारताना हात थरथरत नाही.

"ड्रुपल सुरक्षित, वर्डप्रेस हॅक होतं" हे वाक्य तुम्हाला वेंडरने ऐकवलं असेलच. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ च्या कोअरमध्ये एसक्यूएल इंजेक्शनचं (बाहेरच्याला डेटाबेसला हुकूम देता येईल असं) भोक सापडलं आणि ड्रुपलच्याच सुरक्षा टीमने सांगितलं की घोषणेनंतर सात तासांत पॅच मारला नसेल तर साइट फुटली असंच धरून चाला. मार्च २०१८ मध्ये पुन्हा एक तेवढंच गंभीर. वर्डप्रेसच्या कोअरला २०१७ च्या सुरुवातीला रेस्ट एपीआयचा (बाहेरच्या प्रोग्रामनी साइटशी बोलायच्या दरवाजाचा) फटका बसला आणि ढिगाने साइट्सची पानं लोकांनी बदलली, पण एरवी तिकडे भोकं असतात ती बहुतेक प्लगइनमध्ये. वर्डप्रेस छोटे सुरक्षा अपडेट २०१३ पासून स्वतःच मारून घेतं, ड्रुपलमध्ये माणूस जागा असावा लागतो. सात तासांत तुमच्याकडे कोण जागं असेल याचं उत्तर तयार असेल तरच सुरक्षिततेची तुलना करण्यात अर्थ आहे.

बाकीचे दोन वेंडर पटकन उरकतो. अ‍ॅडोबी एक्स्पीरियन्स मॅनेजर हे उत्तम सॉफ्टवेअर आहे, मुळात डे नावाच्या स्विस कंपनीचं, अ‍ॅडोबीने २०१० मध्ये ती कंपनी घेतली. बँका, गाड्यांच्या कंपन्या, वीस देशांत पन्नास ब्रँड, प्रत्येक ग्राहकाला वेगळं मुखपृष्ठ, तिथे त्याची किंमत वसूल होते. लायसन्स, वर जावा आणि स्लिंग (त्याची जावातली चौकट) कळणारी टीम, आणि तीन माणसांची संस्था, हे गणित बसत नाही, पुढे वाचूच नका त्याचं ब्रोशर. घरचं सीएमएस मात्र मी सरसकट वाईट म्हणणार नाही, काही मंडळी लाराव्हेल या पीएचपीच्या चौकटीवर खरंच नेटकं बनवतात. पण त्याला विचारा, सोर्स कोड आमच्या गिटमध्ये (कोड आणि त्यातले बदल साठवायची जागा) राहील का, डेटाबेसची रचना कागदावर मिळेल का, आणि तुम्ही धंदा बंद केलात तर पुण्यात दुसरं कोण यावर हात घालू शकेल. तिसऱ्या प्रश्नावर गडबड होतेच.

तुम्ही हेडलेसबद्दल पण एक ओळ लिहिली होती, म्हणजे मजकूर एका सॉफ्टवेअरमध्ये, स्ट्रापी किंवा कंटेंटफुल, आणि पुढे दिसणारी साइट वेगळी, रिअ‍ॅक्टमध्ये. मोबाइल अ‍ॅप, वेब, हॉलमधले स्क्रीन अशा चार ठिकाणी तोच मजकूर जायचा असेल तर छान. नाहीतर एका साइटच्या दोन साइट होतात, दोन्हीला अपडेट लागतात, आणि क्लार्क विचारतो "साहेब, प्रसिद्ध करण्याआधी कसं दिसेल ते कुठे बघू", ते दाखवायला पुन्हा वेगळं काम. तुम्हाला नको.

मग वर्डप्रेस की ड्रुपल. तुमच्या तिघांपैकी एक जरी कायमस्वरूपी असेल, त्याला कमांड लाइनची भीती नसेल, आणि प्राध्यापक-अभ्यासक्रम-विभाग हा डेटा एकत्र ठेवायला संस्था खरंच तयार असेल, तर मी ड्रुपल घेईन. तयार असेल म्हणजे काय तर चाळीस प्राचार्य एकाच साच्यातला फॉर्म भरायला कबूल आहेत का. एनआयसीने (केंद्र सरकारची आयटी संस्था) जिल्ह्यांच्या साइट एस-थ्री-वास या तिच्या साइट बनवण्याच्या सेवेवर आणल्या तेव्हा रचना एकच ठेवली आणि मजकूर ज्याचा त्याने भरायचा, ते चाललं कारण साचा वरून ठरलेला होता. तुमच्याकडे प्रत्येक कॉलेजला "आमचा होमपेज वेगळाच पाहिजे" असं असेल, आयटीची माणसं कंत्राटी असतील आणि मजकूर म्हणजे मुख्यतः नोटिसा, फोटो आणि पीडीएफ, तर वर्डप्रेस मल्टिसाइट घ्या, मोजकी प्लगइन, आणि प्लगइन टाकण्याचा हक्क कॉलेजांना अजिबात देऊ नका. यात कमीपणा काही नाही. अर्धवट सांभाळलेल्या ड्रुपलपेक्षा नीट सांभाळलेलं वर्डप्रेस शंभरदा बरं.

ठरवण्याआधी दोन्ही वेंडरना तुमच्याच एका कॉलेजाचा नमुना करायला सांगा, पैसे देऊन. त्यात तीनच गोष्टी, प्रवेशाची सूचना, प्राध्यापकाचं पान आणि फीचं पान मंजुरीसह. डेमो त्यांनी द्यायचा नाही. ऑफिसमधल्या ज्या व्यक्तीला हे रोज करायचंय तिला बसवा, मराठीत टाइप करू दे, वर्डमधून कॉपी-पेस्ट करू दे, कारण ती करणारच आहे, आणि वर्डमधले फॉन्ट-रंग सोबत येतात का ते बघा. तुम्ही शेजारी गप्प बसा. तासाभरात कळतं.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या, कोड संस्थेच्या गिट खात्यात, गंभीर सुरक्षा अपडेट किती तासांत मारणार, आणि दरवर्षीचा देखभाल खर्च. लायसन्स शून्य असलं तरी बनवायच्या खर्चाचा निदान पाचवा हिस्सा दरवर्षी मी बाजूला धरतो, ड्रुपल असेल तर थोडा जास्त.

आणि जुन्या लिंका. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) एसएसआरमध्ये म्हणजे स्वयंमूल्यांकन अहवालात आणि एक्यूएआरमध्ये म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवालात तुमच्या कॉलेजांनी शेकडो पीडीएफच्या लिंका दिलेल्या असतील, एआयसीटीईचं (तंत्रशिक्षण परिषदेचं) मॅन्डेटरी डिस्क्लोजर वेगळं, अनुदानित असाल तर माहिती अधिकाराच्या कलम ४ ची पानं वेगळी. नवीन साइट सुरू झाली आणि त्या लिंका मेल्या तर आयक्यूएसी समन्वयक तुम्हाला शोधत येणार. त्यामुळे सीएमएस कोणताही घ्या, जुन्या प्रत्येक फाइलच्या पत्त्याची यादी जुने सर्व्हर चालू असतानाच काढा, प्रत्येक समन्वयकाकडून त्यांनी कुठे कुठे दिलेल्या लिंका मागवा, आणि जुना पत्ता ते नवा पत्ता असा तक्ता वेंडरच्या कामातच घाला, शेवटचा हप्ता त्या तक्त्यातली प्रत्येक लिंक उघडल्यावर. ही यादी काढायला सीएमएस ठरायची वाट बघायची गरज नाही, सोमवारपासून सुरू करा. त्यातल्या पीडीएफ स्कॅन केलेल्या किती आणि टाइप केलेल्या किती हा एक रकाना त्यातच ठेवा, कारण स्कॅन केलेल्या पीडीएफ ना शोधात येतात ना अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येतात, आणि तो आकडा कळल्यावर तुमचं अंदाजपत्रक बदलेल. बदललं की सांगा, मग होस्टिंगचं बोलू.